मेल चुकली त्या दुपारी

माई, मी बोलतेय आणि तुम्ही मधे तोंड घालत नाही, असं आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय. हे तुमच्या अस्थी घेऊन वाईला गेलेत. दहावं, बारावं, तेरावं सगळं तिथेच, कृष्णेच्या घाटावर. "गंगा दाराशी वाहतेय आणि अस्थी घेऊन एवढ्या लांब कशाला जायचं," असं इथल्या भटजींनी विचारलं, तर तुमचा मुलगा म्हणाला, "आमची आई पोहायला तिकडे शिकली." मी आणि तुमची नात मिनू इथे कलकत्त्यात, बेहालाला राहिलोय. मिनूची परीक्षा चालू आहे, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्याशी एकटीने भांडायचं होतं.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका भेटायला येऊन गेल्या. एक जण म्हणाली, "किती शांत होत्या हो माई." मी नुसती मान हलवली, कारण सुतकात खोखो हसता येत नाही. शांत? ज्या बाईने घाटावर उभं राहून नदीपलीकडे चरणारी म्हैस नुसत्या हाकेने वळवली, ती शांत? तुम्ही स्वयंपाकघरातून "कुमुद" म्हणालात की वरच्या मजल्यावर घरमालकीण मासीमांच्या कपातला चहा हिंदकळायचा. पण त्या बिचारीचाही दोष नाही. तिने तुम्हाला मंडळाच्या गणपतीत, हात जोडून कोपऱ्यात बसलेलं तेवढं पाहिलं होतं. पाण्यात पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं, ते आल्या आल्याच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत यांची कलकत्त्याला बदली झाली. पुण्याच्या शाळेतली गणिताची नोकरी सोडून मी आले, आणि वाईच्या घरी मागे कोणी उरलं नव्हतं म्हणून तुम्हीही आलात. सामान अजून खोक्यांत होतं. तुम्ही शेगडीवर भात चढवलात, "मागचं तळं जरा बघून येते" म्हणालात आणि मागच्या दाराने गेलात. मी पुढच्या खोलीत खोकी उघडत होते. वास आला तेव्हा भात करपून पातेल्याला धरला होता. तुम्हाला शोधत मी मागे गेले.

नारळी-सुपारीच्या मधोमध हिरवट पाणी, आपल्या बाजूला बायकांचा दगडी घाट, समोर पुरुषांचा. बायकांनी धुणं थांबवलं होतं आणि सगळ्या एकाच दिशेने बघत होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली माझी साठीची सासू मान वर धरून, लांब लांब हात टाकत, या टोकाकडून त्या टोकाकडे निघाली होती. अंबाडासुद्धा भिजला नव्हता. मी हाक मारली तर म्हणालात, "अगं, आत्ताच तर उतरले." म्हटलं, "भात करपला, माई." तुम्ही तिथूनच विचारलंत, "एवढ्यात?" तुमच्या त्या एवढ्यात तासभर उलटून गेला होता.

तुमचा वेळ असा जायचा आणि माझा जाता जात नव्हता. यांचं ऑफिस एस्प्लनेडला. सकाळी बसला लोंबकळत गेले की अंधार पडल्यावर यायचे, मोर्चा असला तर त्याहून उशिरा. त्यात खात्याची परीक्षा, म्हणजे आल्यावर जेवण आणि पुस्तक. त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती, कारण भांडायला दोघंही जागी असावी लागतात. बंगाली मला येत नव्हतं. वर्गभर मुलींना एका नजरेत गप्प करणारी मी, बाजारात बोटाने दाखवून भाजी घेत होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी आतल्या खोलीत जाऊन पडायची. बराच वेळ झाला असेल म्हणून उठून यावं, तर काटा जेमतेम हललेला असायचा. कलकत्त्याला मी नावं ठेवत होते ती वरवर. मनातून मला माझीच किळस आली होती, इतकं रिकामं मी कधी बसले नव्हते.

शाळेच्या मोठ्या बाईंनी जूनपर्यंत माझी जागा राखून ठेवली होती. मी मनाशी ठरवलं, जायचं आणि परत यायचं नाही. यांना सांगितलं, उन्हाळ्यात आईला भेटून येते. तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "उन्हाळ्यात जातेस आणि लोकरीचे कपडेही भरतेस की."

माई, मला वाटलं आता रडारड होईल, मुलाच्या कानावर जाईल, माझ्या आईला कळवलं जाईल. तुम्ही सुपातले खडे बाजूला केलेत आणि म्हणालात, "जा. मी अडवणार नाही, त्यालाही सांगणार नाही. तुझं आयुष्य आहे. पण अशी नको जाऊस. आरशात तोंड बघितलंयस? तुझी आई म्हणेल, सासूने उपाशी मारली पोरीला. जून अजून लांब आहे. तोवर पोहायला शीक. या घाटावरून त्या घाटाला एकटी लागलीस की मी स्वतः दशम्या बांधून देईन."

"आणि नाही जमलं तर?"

"तरी जा. पण जमेल."

हा कसला सौदा, असं मला वाटलं. पण दिवसाचा एखादा तास तरी सरेल, म्हणून मी हो म्हटलं. आणि मग तुम्ही जे काही केलंत ते अख्ख्या बेहालात दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

पोहायला शिकायचं ते पाठीला वाळका भोपळा बांधून, हे तुमचं मत. पत्र्याचा डबा म्हणजे तुमच्या लेखी थेरं. बाजारात वाळका भोपळा काही मिळेना. भाजीवाल्याशी तुम्ही मराठीतच हुज्जत घातलीत, आणि तो बंगालीत तेवढ्याच तावातावाने बोलत होता. शेवटी तुम्ही घरातली पितळी कळशी घेतलीत, तोंडाला लाकडी बूच ठोकलंत, वरून मेण ओतलंत आणि कपडे वाळत घालायचा दोर सोडून आणलात. चारचौघींसमोर गटांगळ्या खायची मला लाज, म्हणून भर दुपारची वेळ ठरली, सगळी आळी झोपलेली असताना. मला नऊवारी नेसवलीत. पुण्यात नऊवारीतल्या मामीला हसणारी मी, काष्टा सावरत, खाली मान घालून पुढे निघाले. मागून तुम्ही, काखेत कळशी आणि खांद्यावर दोर.

आपल्याला काय ठाऊक, की इथे कळशी आणि दोर एकत्र निघाले की त्याचा एकच अर्थ होतो. ज्याला जीव द्यायचा असतो तो कळशी गळ्यात बांधून तळ्यात उतरतो. इथल्या बायका भांडताना एकमेकींना तेच सुनावतात, दोर-कळशी मिळत नाही का तुला म्हणून. आणि मासीमांना वरच्या खिडकीतून दिसलं ते असं, की नवी सून रडवेलं तोंड करून तळ्याकडे चाललीय आणि सासू तिच्या मागे ते सामान घेऊन चाललीय.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि तुम्ही माझ्या पाठीला गाठ मारत होतात, तेवढ्यात मासीमा जिना उतरून, केस मोकळे सुटलेले, धावत आल्या आणि नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरल्या. सुनेला इथे बौमा म्हणतात; "बौमा, असं करू नकोस, बौमा," म्हणत त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या मागे शेजारचे शाळामास्तर, मास्टरमोशाय, अंगाला तेल चोपडलेले, कमरेला गमछा. मासीमा कळशी ओढायला लागल्या. तुम्हाला वाटलं या आपली कळशी पळवतायत, म्हणून तुम्हीही सोडेनात. मधे मी, दोराने बांधलेली. आणि मासीमांना धीर द्यावा म्हणून तुम्ही तुमच्या त्या सातारी हिंदीत म्हणालात, "घाबरनेका नहीं. हमारे में बहू को ऐसाच करते हैं."

मासीमांचा चेहरा मला अजून दिसतो.

मी मास्टरमोशायांना इंग्रजीत कसंबसं सांगितलं की बाबा, मला पोहायला शिकवतायत. त्यांनी ते बंगालीत सांगितलं. मग मासीमा पायरीवर मट्कन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गोळा झालेली आळी हसली. तुम्हाला काय झालंय ते नीट कळलं नव्हतं, तरी तुम्हीही हसलात. मी तेवढी हसले नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि घरी जाऊन मी तुमच्याशी बोललेही नाही.

पण त्या दिवसापासून लपायचं कारणच संपलं. आळीला कळलंच होतं. दुसऱ्या दुपारी घाटावर मासीमाही हजर. त्यांचं म्हणणं, कळशी पाठीला बांधायचीच नाही. पालथी करून छातीखाली धरायची आणि पाय मारायचे. तुमचं म्हणणं, छातीखाली धरली की हात अडकतात, मग बाई आयुष्यभर कळशीला लोंबकळत राहते. तुम्हाला बंगाली येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण वादात एका शब्दाची अडचण आली नाही. एक दिवस तुमच्या पद्धतीने, एक दिवस त्यांच्या पद्धतीने, आणि पाणी दोन्ही वेळेला माझ्याच नाकात. हा वाद काही मिटला नाही. आजारपणातही तुम्ही मला जवळ बोलावून काय सांगितलंत, तर "मिनूला पुढे कोणी विचारलं ना, तर भोपळाच सांगायला लाव."

मी गणिताची बाई. मी हात मोजायची. किती हातांत खांबापर्यंत, किती हातांत नारळाच्या सावलीपर्यंत. तुम्ही पाण्यातून ओरडायचात, "मोजू नकोस. मोजलंस की दमलीस." मी म्हणायची, मोजलं नाही तर कळणार कसं किती झालं? तुम्ही म्हणायचात, "कळून काय करायचंय? हात पुढे टाक, पाणी मागे सार. झालं की पुन्हा तेच." मला ते अडाणीपणाचं वाटायचं. रोज घाटावर येईपर्यंत दंड भरून यायचे, मांड्या लटपटायच्या, आणि घरी येऊन मी जेवायची मात्र, माई, एखाद्या गड्यासारखी. झोपही लागायला लागली होती. पण मनातून अजून जूनच होता.

एक दुपार आठवते. कळशी कधीच सुटली होती. मी मोजायला सुरुवात केली आणि कुठेतरी आकडा हरवला. पुन्हा पहिल्यापासून मोजू म्हटलं, तर मोजावंसं वाटेना. हात पुढे जात होता, पाणी मागे सरत होतं, श्वास आपापला येत होता. मी काहीच करत नव्हते, म्हणजे सगळं करत होते पण कोणीतरी करायला लावतंय असं नव्हतं. डोकं स्वच्छ होतं. पुणं नाही, जून नाही, यांचं पुस्तक नाही, माझं रिकामं बसणं नाही. बाहेर आले तेव्हा घाटावरच्या बायका बदललेल्या होत्या. दुपारच्या जाऊन संध्याकाळच्या आल्या होत्या. मी तुम्हाला विचारलं, "एवढ्यात?" तुम्ही माझ्या डोक्यावर टॉवेल टाकलात.

मग काही दिवसांनी मी एकटी त्या घाटाला लागले. मास्टरमोशायांनी तिथून टाळ्या वाजवल्या. परत आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याला तिकीट काढायला सांग." संध्याकाळी शिरा केलात. तुमच्या डोळ्यांकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

जायचा दिवस आला. हावड्याहून संध्याकाळची मुंबई मेल, कल्याणला उतरून पुण्याची गाडी. तिकीट घेऊन हे ऑफिसातून परस्पर स्टेशनवर येणार होते. टॅक्सी सांगून ठेवली होती. तुम्ही सकाळपासून दशम्या लाटत होतात, शेंगदाण्याची चटणी कुटत होतात. दुपारी ट्रंकेला कुलूप लावलं आणि मी म्हटलं, एकदा शेवटचं पाण्यात जाऊन येते. तुम्ही म्हणालात, "जा. वेळ झाली की हाक मारते."

किती वेळा गेले, किती वेळा आले, मला माहीत नाही. त्या घाटाचा दगड हाताला लागायचा, वळायचं. या घाटाचा दगड लागायचा, वळायचं. तोंड पाण्यात, डोळे मिटलेले. उजेड कमी झाल्यासारखा वाटला तेव्हा ढग आले असतील असं वाटलं. मग घराघरांतून शंख वाजायला लागले आणि मी थबकले, कारण शंख तिन्हीसांजेला वाजतात. तुम्ही पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसला होतात.

"माई, वाजले किती?"

"वाजले असतील बरेच."

"टॅक्सी?"

"आली होती. गेली."

मी ओलेत्याने उभी राहिले. आता मी रडणार, ओरडणार, असं मलाच वाटलं होतं. मला फक्त भूक लागली होती. घरी येऊन, लुगडं बदलून, मी प्रवासाच्या दशम्यांचं फडकं सोडलं आणि खायला बसले. हे आले तेव्हा मी चौथी का पाचवी दशमी खात होते. बिचाऱ्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. मेल सुटेपर्यंत फलाटावर उभे होते. दारातच उभे राहून म्हणाले, "मला वाटलं, तू दुसऱ्या कुठल्या गाडीने निघून गेलीस. मला न सांगता." म्हणजे त्यांनाही कळलं होतं, माई. त्या पुस्तकाच्या आडून त्यांनाही सगळं दिसत होतं. मग ते माझ्या शेजारी पाटावर बसले आणि माझ्या ताटातली दशमी उचलून खायला लागले. त्या रात्री पुस्तक उघडलं गेलं नाही.

तुम्ही तेवढ्यात जाहीर करून टाकलंत, "माझंच चुकलं. हाक मारायची विसरले." आणि मी तुमच्याकडे बघून मनात म्हटलं, विसरते कसली ही बाई.

पुढच्या आठवड्याच्या तिकिटाचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. जून उजाडला, पुण्याची शाळा उघडली. आळीतल्या दोन मुली गणित घेऊन आल्या, मग आणखी आल्या, आणि पुढल्या वर्षी इथल्याच शाळेत लागले. मिनू झाली. तिला तुम्ही चालायच्या आधी पाण्यात टाकलंत आणि मासीमांनी तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला. मग एका दुपारी तुम्हा दोघींनी शर्यत लावलीत, दोन म्हाताऱ्या, एक नऊवारीत आणि एक इथल्या विधवांच्या पांढऱ्या, बिनकाठाच्या साडीत, आणि कोण जिंकलं ते ठरेना म्हणून पुन्हा लावलीत, आणि पुन्हा. आपल्या घरी दूध उतू गेलं, त्यांच्या घरी डाळ लागली, आणि मी शाळेतून आले तर दोन्ही घरांतून धूर. मी घाटावर उभी राहून तुम्हाला दोघींना वर्गातल्यासारखं झापलं. तुम्ही दोघी पाण्यात हनुवटीपर्यंत बुडून ऐकत होतात.

सुखाचे दिवस होते ते. ते संपले असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण तळं आहे, मासीमा आहेत, मिनू आहे. तुम्ही तेवढ्या नाही.

आणि या सगळ्या वर्षांत मी तुम्हाला तो एक टोमणा मारत राहिले. तासन् तास वीज गेली की, "त्या दिवशी हाक मारली असतीत तर आज पुण्यात पंख्याखाली बसले असते." गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं की, "कोणाच्या कृपेने?" मिनू मराठी बोलताना मधेच बंगालीत शिरली की, "बघा, तुमच्यामुळे." पाहुण्यांना मी ती गोष्ट रंगवून सांगायची. माझ्या सासूने मला तळ्यात अडकवून ठेवलं आणि गाडी सोडून दिली. म्हशीला हाक मारणाऱ्या बाईच्या आवाजाला त्या दिवशी काय झालं होतं, असं मी विचारायची, आणि सगळे तुमच्याकडे बघून हसायचे. तुम्ही सुपारी कातरत म्हणायचात, "लबाड आहेच मी." मी जिंकल्यासारखी बसायची. मला तेच खरं वाटत होतं, आणि खरं सांगू, मला ते आवडतही होतं. कोणीतरी आपल्याला ठेवून घेण्यासाठी एवढा कावा करावा, यात माझी ऐट होती.

काल दुपारी मासीमा फळं घेऊन आल्या. सुतकात आपण काय खातो, काय नाही, याची त्यांनी दहा वेळा चौकशी केलीय. दोघी मागच्या दारात बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून मी आपलं नेहमीचंच काढलं. म्हटलं, मासीमा, माईंनी त्या दिवशी हाक मारली असती तर आज मी इथे नसते आणि हे दुःखही माझ्या वाट्याला आलं नसतं.

मासीमांनी हातातलं फळ खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हाक मारली नाही, असं कोण म्हणतं? दीदीने मला शपथ घातली होती. आता दीदीच नाही, तर शपथ कसली."

माई, तुम्ही हाक मारली होती. मासीमा खिडकीत आल्या त्या तुमच्या आवाजाने. मास्टरमोशाय ओसरीवर आले, काय झालं विचारायला. टॅक्सीवाला गाडी सोडून घाटापर्यंत आला आणि त्यानेही हाका मारल्या. सगळ्या आळीने ऐकलं. मी तेवढी दगडाला हात लावून वळत होते. मासीमा म्हणाल्या, दीदीचा घसा बसला, शेवटी नुसता वारा निघत होता. आणि मला आता आठवतंय, त्या संध्याकाळी तुमचा आवाज खरंच बसलेला होता. उन्हातून फिरले म्हणालात आणि हळदीचं दूध घेतलंत. मी तुम्हाला ते दूध गरम करून दिलं होतं.

म्हणजे तुम्ही बोलल्याप्रमाणे वागला होतात. दशम्या बांधल्यात, टॅक्सी थांबवून धरलीत, जीव तोडून हाक मारलीत. मला जाऊ द्यायला निघाला होतात. आणि नंतर सगळं स्वतःवर घेतलंत, कारण तुम्ही मला पुरतं ओळखून होतात. "तूच राहिलीस" असं त्या दिवशी कोणी मला म्हणालं असतं, तर निव्वळ हट्टाने मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली असती. लबाड सासूवर रागावून राहणं मला सोपं होतं. ते तुम्ही मला इतकी वर्षं करू दिलंत, चारचौघांत स्वतःचं हसं करून घेऊन. तुमचे पाय धरावेत असं मला काल वाटलं, आणि धरायला पाय नाहीत.

मासीमांचं सांगणं अजून संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, शेवटी दीदीने लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली, तुला धरून ओढून आणायला. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, अगदी तुझ्या दगडापाशी. तू आलीस. तिने हात पुढे केला. तू तिच्या पायाजवळच्या दगडाला हात लावलास, मान वर काढून श्वास घेतलास, वळलीस आणि गेलीस. तिचा हात तसाच राहिला. मी वरून ओरडले, अगं धरलं का नाहीस तिला? तर दीदी बाहेर आली, पायरीवर बसली, आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहा म्हणाली. टॅक्सीवाल्यालाही हातानेच जा म्हणाली. मग मी खाली आले, तेव्हा मला हळूच सांगितलंन, ती हसतेय. या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसतेय.

माई, मी हसत होते हे मला माहीत नव्हतं.